आठ पैलूंची नळी

"हात मागे. आधी डोळे."

मी कपाटाचं कुलूप काढलं की ते हेच म्हणायचे आणि स्वतःचेही हात पाठीशी बांधून उभे राहायचे. कर्वेनगरातल्या एका लहानशा खाजगी संग्रहालयात मी कारकून, किल्ल्या माझ्याकडे. ते लष्करी वर्कशॉपमध्ये बंदुका दुरुस्त करून निवृत्त झालेले. जुनी शस्त्रं ओळखून द्यायला दर गुरुवारी विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायचे, फुकट. आमचे चिटणीस त्यांना "ते बंदूकवाले" म्हणायचे. नाव विचारायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

एका लांबलचक बंदुकीची रजिस्टरात नोंद होती, 'शिकारी बंदूक, विलायती'. ती वाचून ते भडकले.

"विलायती म्हणे. अहो, ही अमेरिकन लाँग रायफल आहे. आठ पैलूंची नळी, पट्ट्यापट्ट्यांचं लाकूड, दस्त्यात पितळी झाकणाचा खण. डोळे कशाला दिलेत देवानं?"

हे सगळं त्यांनी हनुवटीनं दाखवलं, बोट लावलं नाही. अशी बंदूक एकेका कारागिराच्या हातची असते आणि तो नळीवर आपलं नाव कोरतो, हेही त्यांनीच सांगितलं. नाव होतं. दोन अक्षरं लागत होती, पुढची गंजात बुडलेली. मोबाइलवर फोटो मोठा केला तरी गंज आणि अक्षर एकच दिसायचं. टॉर्च तिरका धरून ते तासन्‌तास वाकून बघत.

"अंदाजानं लिहून टाका ना," मी एकदा कंटाळून म्हणालो. "कोण तपासणार आहे?"

"मी," ते म्हणाले.

अडचण त्यांच्या डोळ्यांची होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन ते कित्येक वर्षं टाळत होते. लेक सांगून थकली होती. त्या एका नावासाठी मात्र तयार झाले. जाताना मला म्हणाले, "दसरा झाला की वाचू. तोवर तिला आहे तशी राहू द्या." मी हो म्हणालो. अगदी मान डोलावून हो म्हणालो.

मग खंडेनवमी आली. पाहुणे येणार होते. "पूजेला गंजकी शस्त्रं मांडणार का?" चिटणीस माझ्यावर खेकसले. आमच्या घरी त्या दिवशी कोयता, पहार, सगळं लखलखीत करून पूजतात. माझे हात त्या सवयीचे. रॉकेल आणलं, पॉलिश पेपर आणला. ही तर त्यांची लाडकी, म्हणून तिला सगळ्यांत जास्त वेळ घासली. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी ते काळा चष्मा लावून आले. मी ऐटीत कपाट उघडलं. त्यांनी चष्मा काढला, टॉर्च सरळ धरला, तिरका धरला, मग बंद केला.

"ऑपरेशन छान झालं हो," ते म्हणाले. "किती स्वच्छ दिसतंय."

मला तरीही कळलं नव्हतं. मग त्यांनी पाठीमागचे हात सोडले.

"लावा आता हात. बघायचं काही उरलं नाही." तेव्हा कुठे मी नळीकडे नीट पाहिलं: गंजाबरोबर कोरलेलं नावही घासून गेलं होतं.

पुन्हा ते आले नाहीत. मला चार शिव्या घातल्या असत्या तर त्यांचं काय जाणार होतं? या गोष्टीचा मला त्यांच्यावरही राग आहे. चिटणिसांवर तर आहेच. "नवी कोरी दिसते की, लोक फोटो काढतात," असं ते अजून सांगत फिरतात.

गेल्या महिन्यात विश्रांतवाडीहून त्यांची लेक आली. वडील गेले म्हणाली आणि त्यांची वही माझ्या हातात ठेवली. आमच्या बंदुकीच्या पानावर ती दोन अक्षरं होती, पुढे रिकामी जागा.

मी त्याच दिवशी रजिस्टर काढून 'विलायती' खोडलं, 'अमेरिकन लाँग रायफल' लिहिलं. चिटणीस मागे येऊन उभे राहिले.

"कारागिराचं नाव अर्धंच का? लिहा काहीतरी. कोण तपासणार आहे?"

"मी," मी म्हणालो आणि दोन अक्षरांपुढची जागा कोरी सोडली.