न घासलेली तलवार

इंग्लंडातल्या आमच्या स्लाऊमध्ये कार बूट सेल, म्हणजे गाड्यांच्या डिकीत मांडलेला जुना बाजार भरतो. तिथून लोक शहाण्यासारखे कुंड्या नाहीतर सायकली आणतात. मी जपानी तलवार आणली. विकणारी म्हातारी म्हणाली, "आमच्या ह्यांनी युद्धातून आणलेली," आणि मी तिथेच विरघळले.

"घरातली विळी बोथट," नवरा म्हणाला, "आणि बाईसाहेबांना तलवार हवी!" त्यात सामुराई तलवारींच्या नकलांवर सरकार बंदी आणणार अशा बातम्या चालू होत्या. त्याने निकालच देऊन टाकला. जाणकाराला दाखवायची, नकली निघाली तर पोलिसांकडे जमा. मी मात्र तोवर इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या झाडून सगळ्यांना 'अस्सल आहे हं' असं सांगून बसले होते.

पुण्याहून आलेल्या सासूबाईंना अस्सल-नकलीशी देणंघेणं नव्हतं. खंडेनवमी जवळ आली होती आणि घरात शस्त्र होतं, एवढं त्यांना पुरे. मुठीतली बांबूची खुंटी ठोकून त्यांनी मूठच उपसली. आत पात्याचं बूड काळंकुट्ट, गंजलेलं.

"अगं, चिंच लावून घास हे."

"आई, मूठ घातल्यावर कुणाला दिसतंय?"

"देवाला दिसतं."

"मग देवालाच घासू दे."

माझी कंबर धरली होती, दुसरं काही नाही. पण सासूबाईंनी चिंचेचा डबा आदळून फडताळात ठेवला.

रविवारी आम्ही तिघं मेडनहेडच्या एका हॉलमध्ये, तलवारींच्या प्रदर्शनात. जाणकार म्हणजे एक निवृत्त इंग्रज डेंटिस्ट. त्यांनी पातं दिव्याखाली असं काही तिरकं धरलं, की माझीच दाढ दुखायला लागली. धारेलगत धुक्यासारखी पांढरट रेघ होती. "नकलीत ही ॲसिडने काढतात, ती मेलेली दिसते," ते म्हणाले. "ही पोलादातूनच आलीय." टोकाशी एक टवका, मधे ओरखडे, पण धारेला भेग नाही. मग त्यांनी मूठ काढली आणि बुडाकडे इतका वेळ बघत राहिले, की नवऱ्याने मनात पोलीस स्टेशनचा रस्ता आखला असणार.

"हे कुणी साफ केलं होतं का?"

"नाही," मी पुटपुटले. आळस असा चारचौघांत उघडा पडेल असं वाटलं नव्हतं.

"थँक गॉड! हा गंज म्हणजे हिचं वय. तीनशे वर्षं तरी असेल. घासला असता, तर ओळखच पुसली गेली असती. मॅडम, तुमच्या संयमाला दाद द्यायला हवी."

संयम! माझा! मी सावकाश नवऱ्याकडे वळले. तो छताकडे बघत होता.

"काय म्हणतोय गं तो?" सासूबाईंनी विचारलं.

"तलवार अस्सल आहे, आई. आणि न घासल्याबद्दल माझं कौतुक करतायत."

"कसलं मेलं कौतुक!" म्हणत त्यांनी पातं चाचपायला बोट पुढे केलं.

"हात नाही लावायचा!" मी ओरडले. "घामाने डाग पडतो."

आणि सासूबाईंनी चक्क हात मागे घेतला. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! नवरा मुकाट्याने तलवार गुंडाळायला लागला.

"हळू," मी म्हटलं. "अस्सल आहे."