चौथ्या मजल्याचा पासवर्ड

कांजूरमार्गच्या एका पुनर्वसन इमारतीत राहणारी माधुरी एका इंटरनेट कंपनीत ग्राहकसेविका होती. अंथरुणाला खिळलेल्या आईला एकटे सोडणे शक्य नसल्याने ती घरूनच, वाय-फायवर येणारे कॉल घेत काम करी. ‘‘आपली योजना अमर्यादच आहे; परंतु वाजवी वापराची मर्यादा ओलांडल्यामुळे वेग कमी झाला आहे,’’ हे वाक्य ती इतक्या शांतपणे उच्चारी, की चिडलेला ग्राहकही शिवी अर्ध्यावर सोडून देई.

तिच्या स्वतःच्या घरी मात्र ही मर्यादा महिना सरण्याच्या कितीतरी आधीच संपत असे. चौथ्या मजल्यावर दारे उघडी ठेवण्याची रीत होती; तिच्या वाय-फायचा पासवर्डही त्याच रीतीने वाटला गेला होता. माधुरी कॉलवर असताना समोरच्या शांताबाई येऊन आईची कूस बदलत, तिला पाणी पाजत. आणि त्यांच्या घरचा टीव्ही माधुरीच्या वाय-फायवर चाले. या देवघेवीचा उच्चार कोणी कधी केला नव्हता. परंतु मर्यादेनंतर उरलेल्या वेगात टीव्ही आणि कॉल दोन्ही मावेनात. कॉल तुटू लागले.

‘‘हे बघ, पुन्हा लाइन गेली ना, तर तुला ऑफिसला यावं लागेल,’’ वरिष्ठ श्वेताने बजावले. ‘‘माझ्या हातात काही नाही गं.’’

दुसरे कनेक्शन घ्यावे, तर इमारतीत फक्त तिच्याच कंपनीच्या केबलवाल्याला प्रवेश होता आणि तो घरटी एकच कनेक्शन देई. मोबाइलची रेंज आत पोहोचत नसे. माधुरीने गुपचूप पासवर्ड बदलला.

दुपारी शांताबाई दारात आल्या. ‘‘काय गं, नेट मेलं का? माझी मालिका अडकलीय.’’

‘‘कंपनीकडूनच बंद आहे, मावशी.’’

‘‘कंपनीत तर तूच बसलीयेस. मग तक्रार कुणाकडे करू?’’ त्या हसल्या. इतक्यात माधुरीच्या लॅपटॉपवर ग्राहकाचा कॉल वाजला आणि तिने सवयीने तो घेतलाही. शांताबाईंचे हसू मावळले. त्या घरी गेल्या व त्यांनी दार लावून घेतले.

ग्राहक तक्रार सांगत होता, तोच आतून आईने हाक मारली. मग पुन्हा, रडवेल्या स्वरात. ग्राहकाला थांबवून माधुरीने समोरचे दार ठोठावले.

‘‘मावशी, आई हाका मारतेय. आणि हा नवीन पासवर्ड.’’

शांताबाईंनी टीव्हीचा रिमोट तिच्यापुढे धरला. पासवर्ड टाकून होईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. मग मालिका लावून त्या आईकडे गेल्या.

माधुरीने हेडफोन चढवला. ‘‘मग मी करू काय, ते सांगा ना,’’ ग्राहक म्हणत होता.

कंपनीने ठरवून दिलेले उत्तर तिला पाठ होते. ते सांगत असतानाच लाइन गेली.