ओपलबाईंची मान

ओपलबाई हॅचर घोड्यावरून उतरल्या त्या पाठीच्या ऑपरेशनमुळे. नाहीतर मिसूरीच्या त्या डोंगरात त्यांना उतरवायची कुणाची छाती नव्हती. सगळा जन्म शाळेची बस हाकलेली बाई. आवाज असा, की मागच्या बाकावरची पोरं आज बाप झाली तरी अजून दचकतात. डॉक्टर म्हणाला, घोड्यावर बसा, पण एक हिसका बसला तर पुन्हा टेबलावर यावं लागेल. तेव्हापासून दर ऑक्टोबरात मैत्रिणी घोड्यांवरून डोंगरवाटा तुडवायच्या आणि ओपलबाई जेवणाची पातेली घेऊन पिकअपमधून मुक्कामावर पुढे जायच्या. बाईंच्या जिवाला ते फार लागलं होतं.

शेवटी त्या नवऱ्याला घेऊन घोड्यांच्या लिलावाला गेल्या. नवरा हर्शल आधीच एका घोड्याच्या प्रेमात पडून बसलेला. काळाभोर, उंचापुरा, शेपूट जमिनीवर लोळणारी.

"तो शेवटी येईल," हर्शल म्हणाला. "तोवर हात खाली आणि तोंड बंद."

"आणि डोळे?"

"ते मीट खुशाल. बघायचं ते मी बघतो."

बाईंनी खरंच मिटले, आणि तिथंच घोळ झाला. त्या मुलखात चाल कानांनी पारखतात. पाठीला हिसका न देणाऱ्या चांगल्या घोड्याच्या टापांतून 'मटणाचा तुकडा, दोन बटाटे' असं ऐकू आलं पाहिजे, हे पोरांना बोलता यायच्या आधी शिकवतात. त्या दिवशी रिंगणात कुणाचे बटाटे सांडत होते, कुणाचं मटणच गायब. मग एक जनावर आलं आणि तो ठेका असा स्वच्छ वाजू लागला, की बाईंची मान आपोआप डोलायला लागली. चालताना घोडा मान हलवतो, तशीच. आता लिलावात मान हलवली की बोली लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बाई आपल्या तंद्रीत. पलीकडे बसलेला एक पेंडविक्रेता बोली चढवत होता, बाई डोलत होत्या. अखेर पेंडविक्रेत्याने हात टेकले आणि हातोडा पडला.

बाईंनी डोळे उघडले. समोर मातकट रंगाची बुटकी घोडी, गाढवाला शोभतील असे कान, आयाळ निम्मी झडलेली.

"अगं बये," हर्शल म्हणाला, "काय करून बसलीस हे?"

लिलाव पुकारणारा डॉयल एकेकाळी त्यांच्याच बसमधला. त्याने हातोडा खाली ठेवला. "बाई, ती बोली होती की नुसताच ठेका? ठेका असेल तर सांगा, पुन्हा पुकारतो."

"ठेका, ठेका," हर्शल घाईघाईने म्हणाला. सगळं आवार हसत होतं.

ओपलबाईंनी एकदा त्या काळ्या देखण्याकडे बघितलं, एकदा घोडीकडे. "पाठ माझी आहे, हर्शल. डॉयल, बोली होती ती."

घरी येईपर्यंत हर्शल फक्त एकदाच बोलला: त्या कानांना टोपी कोण विणणार? पण सकाळी खोगीर त्यानेच चढवलं, स्टूल त्यानेच आणून ठेवलं आणि बाईंना वर बसवण्याआधी खोगिराचा पट्टा तीनदा ओढून बघितला. बाईही घाबरल्या होत्या, फक्त कबूल करत नव्हत्या. तो लगाम धरून शेजारून चालू लागला.

"दुखतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही रे बाबा. चल."

ओढ्याकडचा उतार आला. हिसका बसायचा तर इथंच. घोडी आपल्या ठेक्यात खाली उतरली. वरून काहीच आवाज येईना, म्हणून हर्शलने मान वर केली, तर बाईंच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं.

त्याने मोकळा हात वर केला. "उतर, उतर, मी धरतो तुला. सांगत होतो मी, दुखतंय ना?"

"काही दुखत नाहीये," बाई म्हणाल्या. "म्हणून तर रडतेय, वेड्या. सोड आता तो लगाम."

हर्शलने लगाम सोडला.