सुमनताईंची झोप

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. आणि मी काही मुखदुर्बळ माणूस नव्हे बरं का. टूरचा धंदा केला, कोल्हापूरला शाहूपुरीत ऑफिस, बसमध्ये माईक हातात आला की घाट संपेल पण माझी टकळी थांबायची नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. भिजतो की! एक भिजत पडलाय, कित्येक वर्षं. तिलाही ठाऊक नाही.

सुरुवात कुठून करू?

नव्वदच्या दशकात आम्ही काशी, अष्टविनायक, वैष्णोदेवी करायचो. पुढं लोकांकडं पासपोर्ट आले, पण विमानाला भीत होते, तेव्हा मी भूतान काढलं. भूतान म्हणजे? ते नेपाळच्या अलीकडं का पलीकडं? — ऑफिसात येणारं प्रत्येक पावणं हेच विचारायचं. मी सांगायचो, डोंगरातला देश, शेकडो वर्षांचे किल्ल्यासारखे मठ, आणि आपला आचारी बरोबर आहे, रात्री पिठलं-भाकरी मिळणार. पिठल्यावर बुकिंग व्हायचं. मठावर फारसं कुणी येत नव्हतं.

सुमनताई मठासाठी आल्या होत्या. जयसिंगपूरच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांचे मालक शाळामास्तर होते, ते वारले होते. मास्तरांनी एका कॅलेंडरवरचं चित्र कापून भिंतीला लावलेलं — उभ्या कड्याला चिकटलेला, भूतानातल्या पारो गावचा मठ. तिथं जायचं, वर चढायचं, एवढीच त्यांची हौस. "ते न्हाईत, तर मी जाऊन येते की," असं म्हणाल्या आणि पिशवीतून मेणबत्त्यांचा पुडा काढून दाखवला. वर नेऊन लावायच्या होत्या, मास्तरांच्या नावानं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. एकट्या आलेल्या बाईची जोडी दुसऱ्या एकट्या बाईशी लावायची, दोघींत एक खोली. सुमनताईंची जोडी मी कोल्हापूरच्या एका वहिनीसाहेबांशी लावली. नाव नको. मोठं घर, मोठा गोतावळा, त्यांनी शब्द टाकला तर पुढच्या वर्षीची अख्खी बस भरणार, असं वजन. दोघींचं जमलंही छान. रेल्वेत एकाच पिशवीतलं भडंग खाल्लं. सरहद्दीवरून वर चढताना घाटात वहिनीसाहेबांना उलट्या लागल्या, तर सुमनताईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंड पुसलं, लिंबू हुंगायला दिलं. सख्ख्या बहिणीनं काय वेगळं केलं असतं?

मग पुनाखा आलं. दोन नद्यांच्या संगमावरचा तो जुना मठ, आत बुद्धाची भली मोठी मूर्ती. आमची मंडळी फोटो कुठं काढायचा ते बघत होती. सुमनताईंनी पदर डोक्यावरून घेतला, गुडघे टेकले आणि मोठ्यानं वंदना म्हटली. खडा आवाज. तिथले भिक्खूसुद्धा थांबून ऐकायला लागले. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

आणि सगळ्यांना कळलं, सुमनताई बौद्ध आहेत. आडनावावरून तसं काही कळत नव्हतं.

हॉटेलात परतल्यावर वहिनीसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "मला खोली बदलून द्या. आमच्यात चालत न्हाय." एवढंच बोलल्या. आणि मी काय केलं? मी का म्हणून विचारलंसुद्धा नाही. विचारायची गरजच पडली नाही — हे कळतंय का तुम्हाला? एका शब्दात मला सगळं समजलं, कारण ते माझ्याही घरात होतं, माझ्याही आईच्या तोंडी होतं. मी "व्हय, बघतो" म्हणालो. मान डोलावली वर.

बघतो म्हणजे काय, तर सुमनताईंना हलवायचं. वहिनीसाहेबांना हलवायचं डोक्यातही आलं नाही माझ्या.

पण सुमनताईंना सांगायचं काय? खरं सांगायला छाती लागते. साप मरावा आणि काठी मोडू नये, असलं काहीतरी हवं होतं. आणि ते टूरवाल्याच्या खिशात कायम असतं. खोली बदलायची तर सगळ्यांना पटणारं एकच कारण — घोरणं. शंभर भांडणं मी त्याच्यावर मिटवली होती. माणूस हसतो, लाजतो आणि सामान उचलतो.

"ताई, राग मानू नका," मी म्हटलं, "तुम्ही जरा जास्तच घोरता. वहिनीसाहेबांची झोप होत नाही."

त्या हसल्या नाहीत. कानापर्यंत लाल झाल्या. साठीची बाई, शाळेतल्या पोरीनं चूक केल्यासारखी उभी राहिली. "अगं बया! मला कुणी कधी सांगितलंच न्हाय की. मास्तरांनीबी न्हाय." मग "सोसलं असंल त्यांनी आयुष्यभर," असं म्हणाल्या.

तिथंच बोलायला हवं होतं. अजून वेळ गेली नव्हती. मी त्यांची बॅग उचलली.

पेठ वडगावच्या एक मायलेकी होत्या, त्यांच्या खोलीत तिसरी खाट टाकून दिली. वेळ मारून नेली. वहिनीसाहेब खूश. मी माझ्यावरच खूश, काय सफाईनं निपटलं म्हणून. हे खोडून टाकावंसं वाटतंय, पण खूश होतो मी.

पुढं पारोला आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाला गेलो तर हॉटेलची मालकीण मोडक्या हिंदीत विचारते, तुमची ती आजी खोलीत का झोपत नाही? रोज खालीच बुखारीपाशी खुर्चीत बसून असते. बुखारी म्हणजे त्यांची लाकडाची शेगडी. मी सुमनताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ती वडगावची पोरगी दिसभर दमती. तिची झोप कशाला मोडू? मला नाईट ड्यूटीची सवय हाय." डोळे सुजलेले होते. बसमध्येसुद्धा त्या डुलकी घेत नव्हत्या — आता ध्यानात आलं — खिडकीला कपाळ टेकायच्या आणि दचकून सरळ व्हायच्या. लोकांत घोरायला नको म्हणून.

सांगितलं का मी त्यांना? नाही. आता सांगितलं तर दोन्हीकडून तोंडघशी पडणार, असा हिशेब केला. "जपा ताई," म्हणालो आणि चहा घेतला.

त्याच दिवशी मठ चढायचा होता. अर्ध्यापर्यंत घोडं जातं, पुढं पायवाट, मग कड्याला कोरलेल्या पायऱ्या. सुमनताई घोड्यावरून उतरल्या तेव्हाच झोकांड्या खात होत्या. तरी चालल्या. माझा हात धरून चालल्या. मठ अगदी समोर दिसतो, मधे फक्त दरी, तिथं त्यांना घेरी आली आणि त्या दगडावर बसल्या. स्वतःची नाडी स्वतःच बघितली. नर्सच ती. मान हलवली.

"वहिनीसाहेब पोचल्या का?" त्यांनी विचारलं.

पोचल्या होत्या. गाढ झोपून, नाश्ता करून, सगळ्यांच्या पुढं.

सुमनताईंनी तो पुडा माझ्या हातात दिला. "तुम्हीच लावा. तुमचा हात लागला तरी चालंल." चालंल म्हणाल्या. त्यांना चाललं माझा हात लागलेला. काय घोडं मारलं होतं हो त्या बाईनं माझं?

मी वर गेलो. मेणबत्त्या तिथल्या भिक्खूंच्या हवाली केल्या, त्यांनी त्या मूर्तीपुढं लावल्या, मी हात जोडले आणि खाली आलो. त्या दगडावरच बसून होत्या, मठाकडं तोंड करून, डोळे ताणून उघडे ठेवलेले. माझे आभार मानले. दोनदा मानले.

त्यानंतर मी भूतान पुष्कळदा केलं. वहिनीसाहेबांनी बसही भरून दिली.

पुढं काही वर्षांनी सुमनताईंचा मुलगा ऑफिसात आला. सासूसासऱ्यांचं बुकिंग करायचं होतं. आई गेली म्हणाला, मागच्याच वर्षी. तुमचं नाव काढायची. मी विचारलं, काय म्हणायच्या? तो हसला. "टूरवरनं आल्यापास्नं आई आमच्यात कधी झोपलीच न्हाय बघा. बाहेरच्या पडवीत खाट टाकून घेतली. थंडीतबी तिथंच. म्हणायची, मी घोरते, पोरांची झोप मोडंल. आमी कितीदा सांगितलं, आई, तू घोरत न्हाईस. ऐकायचीच न्हाय. म्हणायची, तुमी मायेनं खोटं बोलताय. त्या टूरवाल्या भाऊंनी तेवढं खरं सांगितलं."

मी त्याला चहा मागवला. साखर कमी की जास्त, ते विचारलं. सासूसासऱ्यांना खालच्या मजल्यावरची खोली देतो म्हणालो. तो गेला.

सुमनताई घोरत नव्हत्या.