वडिलांची रजा

माझ्या हळदीला पंधरवडा उरला होता तेव्हा वडिलांच्या पलटणीतली माणसं आमच्या घरी आली. दरसाल चैत्रात शनिवारी यायची आणि रविवारी जेवून जायची, तशीच आली. पण नेहमीच्या सहा जणांच्या मागे त्या साली सातवा एक माणूस पायवाट चढत होता, आणि त्याला पाहून मला पहिल्यापासूनच बरं वाटलं नाही.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. आमचं गाव म्हसळ्याच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी. मुंबईची आगबोट दिघीला लागायची, तिथून ही मंडळी होडी करून वर यायची. कुणी गोदीत कामाला होता, कुणी गिरणीत, दोघे घाटावरचे शेतकरी. आमच्याच घरी का यायचे, तर ब्रह्मदेशच्या लढाईत अन्नाला महाग झाले असताना वडिलांनी त्यांना कबूल केलं होतं, सुटलो तर सगळ्यांना माझ्या घरी कोलंबीचं कालवण आणि भात. ते सुटले. वडील सुटले नाहीत, पण त्यांनी दिलेला शब्द आईने पाळला.

वडील मेले असं मात्र कुणाला म्हणता येत नव्हतं. तारेत 'बेपत्ता' असा शब्द होता. मागून सरकारने त्यांना मेलेल्यांत धरलं, पण सरकारने धरणं वेगळं आणि डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने येऊन सांगणं वेगळं, असं आईचं म्हणणं. ती कुंकू लावायची, हिरव्या बांगड्या भरायची, वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायची. गावातल्या बायका पाठीमागे बोलायच्या आणि मी त्यांच्याशी भांडायची. थोरले चुलते तर त्या साली तोंडावरच म्हणाले की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते, ती झाली, आता काय ते विधी उरकून टाकू. आईने त्यांना एकच सांगितलं, "त्यांच्या पलटणीतली मानसं रजेवर म्हनतात, तवर ते रजेवर हायत."

त्याचं असं होतं. रविवारी दुपारी पंगत बसली की घास उचलायच्या आधी हजेरी व्हायची. हवालदारकाका, म्हणजे त्यांच्यातले वडीलधारे, ताठ बसून एकेकाचा नंबर पुकारायचे. सगळे नंबर त्यांना पाठ. समोर असेल तो 'हाजर' म्हणायचा. लढाईत पडलेल्यांचेही नंबर पुकारले जायचे, आणि ज्याने त्या माणसाला डोळ्यांदेखत पडताना पाहिलं होतं त्यानेच 'कामी आला' असं उत्तर द्यायचं. ऐकीव चालत नसे. हा कायदा हवालदारकाकांनीच लढाईत असताना केला होता आणि ते लोक तो देवाच्या कामासारखा पाळायचे. वडिलांना पडताना कुणीच पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांचा नंबर आला की हवालदारकाका स्वतःच म्हणायचे, "रजेवर." वडिलांचं ताट वाढलेलं असायचं, आणि माणसं उठली की आई त्या ताटात जेवायची.

लहानपणी मला हा सगळा खेळ वाटायचा. मोठी झाल्यावर राग यायला लागला, कारण दरसाल त्या एका शब्दावर आईचं वर्षभराचं कुंकू ठरायचं. पण त्या साली मलाच तो शब्द हवा होता. माझं लग्न ठरलं होतं. पहिली हळद सवाष्णीने लावायची, आणि ती पहिली हळद मला आईच्या हातची हवी होती. तिनेही ती स्वतः दळायला घेतली होती. कन्यादान चुलते करणारच होते, त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तिला फक्त हळद लावायची होती.

तर ही मंडळी अंगणात आली. मी पाय धुवायला पाणी दिलं, मग गूळ आणि तांब्या फिरवला. सगळे घटाघटा पाणी प्यायले. सातव्याने तांब्या हातात घेतला, घरात नजर टाकली, दारात उभ्या असलेल्या आईच्या कपाळाकडे पाहिलं आणि तांब्या तसाच खाली ठेवला. गुळालाही हात लावला नाही. बाकीच्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं, आणि आईच्याही आलं असणार, कारण ती आत वळली तेव्हा तिचा हात चौकटीवर आपटला आणि एक बांगडी फुटली.

"वाढवली," ती म्हणाली आणि काचा वेचू लागली. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत. मी वेचायला वाकले तर म्हणाली, "तू ऱ्हा बाजूला. तुज्या पायात जाईल."

हवालदारकाकांनी ओळख करून दिली. हा माणूस वडिलांच्याच तुकडीतला, घाटावरचा. जखमी होऊन तो दुसरीकडच्या इस्पितळात गेला, तिथून दुसऱ्या पलटणीत, आणि इतकी वर्षं कुणाला त्याचा पत्ता नव्हता. आता गोदीत अचानक भेटला. हवालदारकाका हे मोठ्या कौतुकाने सांगत होते, पण सांगता सांगता त्यांचा आवाज बसत गेला. होडीत काहीतरी बोलणं झालं होतं हे उघड होतं.

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. खाडीचं पाणी तेलासारखं पडून होतं आणि ओहोटीच्या चिखलाचा वास घरापर्यंत येत होता. दरसाल ही माणसं आली की ओटीवर नुसता गोंधळ असायचा, एकमेकांच्या जुन्या फजित्या सांगून हसणं चालायचं. त्या संध्याकाळी कुणी एक गोष्ट काढायचा आणि अर्ध्यात सोडून द्यायचा. सातवा माणूस खांबाला टेकून खोकत होता. आईने माझ्या लग्नाचं आमंत्रण सगळ्यांना दिलं, त्यालाही दिलं. त्याने मान खाली घातली.

दिवेलागणीच्या आधी मी विहिरीवर गेले. मागच्या आंब्याखाली हवालदारकाका आणि तो उभे होते. मी रहाटाचा दांडा धरून तशीच थांबले.

"उद्या नंबर पुकारला की तू गप ऱ्हायचं," हवालदारकाका म्हणत होते. "मी नेहमीसारखा रजेवर म्हनतो. संपला विषय."

"म्या पाह्यलंय त्येला," तो म्हणाला. "माझ्या हातावर ग्येला. कायदा तुम्हीच क्येला न्हवं? हजेरीत खोटं बोलायचं न्हाई. म्या आजवर बोललो न्हाई."

माझ्या हातून रहाट सुटला आणि घागर धाडकन पाण्यात गेली. वडिलांच्या मरणाची खबर मला अशी विहिरीवर कळली. रडू यायला हवं होतं, पण मला आला तो संताप. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"उद्या तुम्ही जेवायला बसू नका," मी त्या माणसाला म्हणाले. "पोट दुखतंय म्हना, काय पन म्हना. माज्या आयशीला हलद लावायची हाय."

मोठ्या माणसांशी असं बोलायची रीत नव्हती. हवालदारकाकांनी मला गप्प केलं नाही. त्या माणसाने माझा चेहरा नीट न्याहाळला. मग म्हणाला, "त्येच्यासारखीच हायस. पोरी, म्या इतकी वर्सं आलो न्हाई, त्ये ह्याच्यासाठीच. म्हनलं, कुनाच्या कपाळाचं कुकू आपल्या त्वांडनं पुसायचं? पर आता डागदरानं मला जवाब दिलाय. म्या ग्येलो की त्येला पाह्यलेला कुनी ऱ्हात न्हाई. मंग त्यो कायमचाच रजंवर ऱ्हानार. ना पिंड, ना पानी."

आईची बाजू धरावी तर वडील तिकडे लोंबकळत राहणार, आणि वडिलांची धरावी तर आई उघडी पडणार. मी एवढंच म्हणाले, "मग आमच्या घरचं पानी का नाय प्यायलात?"

"कसं पिऊ?" तो म्हणाला. "अशी खबर घिऊन आल्यालं मानूस पानी पीत न्हाई."

मी आईला काही सांगितलं नाही. ती कोलंब्या सोलत बसली होती. मी शेजारी बसून सोलू लागले. तिने एकदाच विचारलं, "घागर पडली काय गो?" मी म्हटलं, व्हय. ती पुन्हा कोलंब्या सोलू लागली, आणि मला वाटलं, सुटले.

रविवार उजाडला. आईने न्हाऊन नवं लुगडं नेसलं, कपाळावर नेहमीपेक्षा मोठं कुंकू रेखलं. ते पाहून मला तिथून पळून जावंसं वाटलं. चुलतेही दरसालप्रमाणे पंगतीला आले आणि ओटीवर त्या सात जणांच्या रांगेत बसले. त्यांच्यासमोर काही बोललं गेलं म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सातव्या माणसाला नेमकी वडिलांच्या ताटाशेजारची जागा मिळाली. जागा नंबराप्रमाणे ठरलेल्या, त्यात कुणाचं काही चालत नव्हतं. तो बसला; मी सांगितलं होतं तसं पोटदुखीचं निमित्त त्याने केलं नाही. मी भाताचं पातेलं घेऊन दारात उभी होते आणि त्याच्याकडे बघत मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते.

हजेरी सुरू झाली. हाजर. हाजर. कामी आला. हाजर. हवालदारकाका प्रत्येक नंबराला लांबण लावत होते, पुढचा येऊच नये म्हणून. शेवटी आलाच. त्यांनी वडिलांचा नंबर पुकारला, आणि नेहमीप्रमाणे लगेच स्वतः उत्तर द्यायचं ते त्यांना जमलं नाही. सातवा माणूस पाटावरून उठला. शिपाई उठतात तसा, टाचा जुळवून, हात मांड्यांना लावून. सगळ्यांनी माना वर केल्या. चुलत्यांनीही केली. त्याने तोंड उघडलं.

"रजेवर हायत," आई म्हणाली.

ती वाढायचा डाव हातात घेऊन माझ्या पुढे कधी आली होती मला कळलं नाही. हजेरीत कुठल्या बाईने आजवर तोंड उघडलं नव्हतं. ती त्या माणसाकडे बघत होती, आणि तिचा आवाज अगदी रोजचा होता, भात हवा का विचारावं तसा.

"रजेवर हायत. पोरीचं लगीन व्हईपरेंत."

काय ऐकलं ते सगळ्यांनाच कळलं होतं. चुलते म्हणाले, "म्हंजे काय? म्हंजे तुला..."

"हजेरी चालू आहे," हवालदारकाका त्यांच्यावर खेकसले. मग ते आईकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते, पण पाठ ताठ होती. "रजा मंजूर," ते म्हणाले, आणि पुढचा नंबर पुकारला. उभा असलेला माणूस अजून उभाच होता. त्याने आईला सलाम केला आणि मग खाली बसला. त्याच्या नंबराला तो 'हाजर' म्हणाला तेव्हा जेमतेम ऐकू आलं.

माणसं जेवून उठल्यावर आई वडिलांच्या ताटावर बसली. दरसाल ती चार घास खाऊन उठायची, उरलेलं मला द्यायची. त्या दिवशी तिने ताट पुसून खाल्लं. मी समोर बसून पाहत होते, आणि शेवटी मी रडले. ती नाही. मी विचारलं, "तुला कदी कललं?" तर म्हणाली, "तांब्या खाली ठेवला तवाच." निघताना त्या माणसाने पायरीवर बसून पाणी मागितलं. आईनेच नेऊन दिलं आणि म्हणाली, "भावजी, लगनाला या. मग माजं ऐकायचं काय ते ऐकीन."

पुढचा पंधरवडा कसा गेला ते मला सांगता येणार नाही. चुलते गप्प राहिले, हा त्यांचा माझ्यावर उपकार. घरात पापड झाले, मांडव पडला, बायका गाणी म्हणू लागल्या आणि आई सगळ्यांत हसत होती. तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या की मी दचकायचे. हळदीला पहिला हात तिचा लागला. गालाला, हातांना, पायांना. इतकी चोळली की बायका म्हणाल्या, अगं पुरे, पोरगी सोलून निघेल. ती थांबली नाही. लग्नात तो माणूस मांडवाच्या कडेला बसून होता, आणि माझी पाठवणी झाली तेव्हाही तो तिथेच होता.

परतणीला मी माहेरी आले. चुलतीने दारात माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आई मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पुढे आली नाही. कपाळ मोकळं होतं, हात मोकळे होते. त्या माणसाने तिला काय सांगितलं ते तिने मला जन्मात सांगितलं नाही. मी धावत जाऊन तिचे हात धरले, तर ते तिने मागे ओढले. म्हणाली, "नवी नवरी हायस. आता मला नको शिवूस."

मी सोडले नाहीत. तिच्या नखांत माझी हळद अजून तशीच होती.