ट्रॅम्पोलिनवर रंगवलेला आकडा

वाळूचं बारावं पोतं चढलं तेव्हा कापड आणि जमीन यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं. पोतं पन्नास किलोचं. म्हणजे सहाशे किलो. मी घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलो आणि पोती उतरवायला सांगितली. कापड पुन्हा टेबलासारखं सपाट झालं. एकही स्प्रिंग लांबलेली नव्हती, एकाही हुकानं तोंड उघडलेलं नव्हतं.

"पास," मी म्हणालो.

खगेन मिस्त्री कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "शाब, इस पे हाथी बैठेगा क्या?"

"हाथी नहीं. कॅप्टनसाहब का बच्चा कूदेगा."

"तो इतना वजन काहे को?"

"टेस्ट इज टेस्ट," मी म्हणालो. प्रश्न बरोबर होता. उत्तर चुकलं होतं. ते मला कळायला तीन आठवडे लागले, आणि कबूल करायला त्याहून पुष्कळ जास्त.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कलकत्त्यात खिदिरपूरच्या गोदीला लागून आमचं वर्कशॉप होतं. क्रेनचे हुक, साखळ्या, तारेचे दोर आमच्याकडे दुरुस्तीला येत. दुरुस्तीनंतर मी ते तपासायचो आणि सर्टिफिकेट द्यायचो. मालावर एक आकडा रंगवायचो, एसडब्ल्यूएल. सेफ वर्किंग लोड, म्हणजे एवढं वजन बिनधास्त उचला. नियम सोपा. साखळी तीनशे किलोची म्हणायची असेल तर सहाशे किलो लावून बघायचे. टिकली तर तीनशे रंगवायचे. गोदीतला माणूस दुसरं काही वाचत नाही, तो आकडा वाचतो. माझ्या आकड्याखाली कधी कुणी मेलं नाही, याचा मला अभिमान होता. आजही आहे.

कॅप्टन दिघे एका जहाज कंपनीचे मोठे अधिकारी. आमचं निम्मं काम त्यांच्याकडून यायचं. शहरातल्या मराठी मंडळात ओळख झाली होती, त्यामुळे ते मला इंग्रजीत 'मिस्टर पेठे' आणि मराठीत नुसतं 'पेठे' म्हणायचे. त्यांनी मुलांसाठी परदेशातून जहाजानं एक ट्रॅम्पोलिन आणवलं. लोखंडी चौकट, मधे जाड विणलेलं कापड, आणि कापड चारी बाजूंनी शंभरेक स्प्रिंगांनी चौकटीला ताणलेलं. त्यावर उडी मारली की माणूस वर फेकला जातो. आज असल्या वस्तू मुलांच्या वाढदिवसाला भाड्यानं मिळतात. तेव्हा आमच्यापैकी कुणी पाहिलीसुद्धा नव्हती.

वाटेत पेटीत खारं पाणी शिरलं. स्प्रिंगा गंजल्या. सूचनांचा कागद होता, त्याचा लगदा झाला. आणि कुजलेल्या, लांबट, अरुंद अशा चार गाद्या होत्या. मला ते पॅकिंग वाटलं. मी त्या फेकून दिल्या.

"तेवढं बघा, पेठे," कॅप्टन म्हणाले. "तुमच्या हातून गेलं की मला झोप लागेल."

स्प्रिंगा खगेननं केल्या. आमच्याकडे त्याच्याइतका चांगला स्प्रिंगवाला नव्हता. लेथवर तार गुंडाळताना तो डोळे जवळजवळ मिटून घ्यायचा आणि आवाजावरून ताण ओळखायचा. हुक वाकवताना घाई केली तर तिथे केसाएवढी चीर पडते आणि पुढे तो तिथेच तुटतो, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, खगेननं शिकवलं. त्या वर्षी तो मिस्त्रीचा चार्जहँड होणार होता. म्हणजे त्या खात्याचा मुकादम. कागद तयार होते.

टेस्ट झाल्यावर मी चौकटीवर पिवळ्या रंगात ठसठशीत लिहवून घेतलं: SWL 300 KG. खगेन ते बघून हसला. मी हसलो नाही.

आम्ही ते अलीपूरला कॅप्टनच्या बंगल्यात नेऊन बसवलं. बागेत कुंपणाच्या भिंतीजवळ सावली होती, तिथे ठेवलं. कॅप्टनच्या पत्नी, मालतीवहिनी, बाहेर आल्या. आकडा वाचून त्यांनी विचारलं, "भाऊजी, संक्रांतीचं हळदीकुंकू आहे आमच्याकडे. पंधरा-वीस पोरं येतील. एकदम किती चढली तर चालेल?"

मी मनात हिशेब केला. पोर सरासरी तीस किलोचं धरलं.

"दहा चढवा, वहिनी. काही होणार नाही."

"नक्की ना? ही पोरं म्हणजे माकडं आहेत."

"वहिनी, यावर मी सहाशे किलो ठेवून आलोय. माकडं काय, त्यांचे आईबाप चढले तरी चालेल."

त्या खुदकन हसल्या. तो प्रश्न त्यांनी विचारला, हे त्यांना आणि मलाच माहीत होतं.

हळदीकुंकू रविवारी झालं. सोमवारी सकाळी कॅप्टन दिघे वर्कशॉपमध्ये आले ते थेट आमच्या वर्क्स मॅनेजरच्या, मजुमदारसाहेबांच्या खोलीत. मला बोलावलं. टेबलावर एक स्प्रिंग पडली होती. तिचा एक हुक पार सरळ झाला होता.

"माझ्या नंदूचा पाय मोडलाय," कॅप्टन मराठीत म्हणाले. मग मजुमदारसाहेबांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "तुमची स्प्रिंग सुटली. सात वर्षांच्या पोरीची नडगी मोडली. उद्या तुमचा हुक माझ्या जहाजावर असाच सुटेल. सांगा, का विश्वास ठेवू?"

ते गेल्यावर मजुमदारसाहेब मला म्हणाले, "पेठे, मला शनिवारपर्यंत कारण हवं. लेखी. कारण सापडलं तर काम राहील."

मी स्प्रिंग खगेनला दाखवली. त्यानं ती खिडकीपाशी नेली, हुकावरून अंगठा फिरवला.

"शाब, ये अपने से नहीं खुला. इसको खोला है."

"किसने?"

"ये देखिए, लोहा का दाग. कोई रॉड घुसाया. ओजन से खुलता तो ऐसा घिसता नहीं." ओजन म्हणजे वजन.

त्याचं बरोबर होतं. मी हुकाला हात लावला नाही, बाकीची स्प्रिंग टेस्ट बेंचवर ओढून पाहिली. नव्यासारखी चालली. मग मी अलीपूरला गेलो.

बंगल्याच्या दरवानाला विचारलं. तो म्हणाला, बेबीचा पाय दोन स्प्रिंगांच्या मधे गुडघ्यापर्यंत अडकला होता. सगळे ओरडत होते. त्यानं पहार आणून स्प्रिंग उचकटली आणि पाय काढला. म्हणजे हुक अपघातानंतर उघडला होता. पाय सोडवण्यासाठी.

मग मी नंदूला भेटलो. ती पलंगावर होती, प्लॅस्टरवर कुणीतरी मांजर काढलं होतं.

"काका, मी नीट उड्या मारत होते," तिनं आधीच सांगून टाकलं. "मग दादा आला. तो पडला धप्पकन आणि मी वर गेले. खूप वर. मी उडी मारलीच नव्हती."

"किती जण होतात गं वर?"

"सात. आईनं मोजून चढवले. दहा चालतात म्हणाली."

मी बागेत जाऊन ट्रॅम्पोलिनजवळ उभा राहिलो. काय झालं ते समजायला इंजिनिअर असायची गरज नव्हती, फक्त डोळे उघडे हवे होते. दादा चौदा वर्षांचा, चांगला पन्नास किलोचा. तो जोरात पडला की कापड खाली जातं आणि लगेच उसळतं. त्या उसळीच्या क्षणी वीस किलोची पोर कापडावर असेल तर दादाची सगळी ताकद तिला मिळते. सी-सॉच्या एका टोकावर हलकं मूल बसवून दुसऱ्या टोकावर जाड माणसानं उडी मारावी, तसं. ती मधोमध चढली असती तर मधेच पडली असती. पण सात जणांत मध्य कुणाला मिळतो? ती कडेवर पडली. कडेला उघड्या स्प्रिंगा आणि लोखंडी चौकट. आणि मग मला त्या चार कुजलेल्या गाद्या आठवल्या. ते पॅकिंग नव्हतं. स्प्रिंगा आणि चौकट झाकायचं ते आवरण होतं. ते मी कचऱ्यात टाकलं होतं. भिंत दोन हातांवर होती. थोडी आणखी वर गेली असती तर डोकंच भिंतीवर आदळलं असतं.

पोती उड्या मारत नाहीत. माझी टेस्ट साखळीची होती. साखळीचा प्रश्न एकच असतो, तुटेल का? ट्रॅम्पोलिन तुटत नाही. ते शाबूत राहतं आणि माणूस मोडतो.

शनिवारी मजुमदारसाहेबांनी विचारलं, "कारण सापडलं?"

मला सगळं सांगता आलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. पण सर्टिफिकेटवर सही माझी होती, आकडा माझा होता, आणि 'दहा चढवा' हे शब्द माझे होते.

"हुक उघडला, सर," मी म्हणालो.

"का?"

"वाकवताना दोष राहिला असावा."

"कुणी वाकवला?"

ते त्यांना माहीत होतं. प्रत्येक लॉटच्या कार्डावर मिस्त्रीचं नाव असायचं. तरी मी नाव उच्चारलं. मग रजिस्टर उघडून माझ्या अक्षरात एक ओळ लिहिली: हुक उघडला, वाकवण्यातील दोष, मिस्त्री खगेन.

कॅप्टनचं समाधान झालं. काम राहिलं. मालतीवहिनींनी मला घरी बोलावून तिळाचे लाडू दिले. "बरं झालं तुम्ही कारण शोधलंत, भाऊजी. मला वाटत होतं, मीच जास्त पोरं चढवली." मी लाडू खाल्ला.

खगेनचं चार्जहँडपद गेलं. त्याला स्प्रिंगच्या लेथवरून काढून साखळ्या घासायच्या खात्यात टाकलं. तो माझ्याकडे भांडायला आला नाही. फक्त एकदा म्हणाला, "शाब, आपने बेंच पे टाना था ना उसको?" मी फाइल चाळत राहिलो.

पण ट्रॅम्पोलिन तसंच ठेवणं मला शक्य नव्हतं. कॅप्टनना सांगितलं की स्प्रिंगा बदलतो. खरं म्हणजे एक सोडून एकही बदलली नाही. गोदीत जहाजांची शिडं आणि ताडपत्र्या शिवणारा एक म्हातारा होता. त्याच्याकडून जाड कॅनव्हासमध्ये काथ्या भरून लांब गाद्या शिवून घेतल्या आणि स्प्रिंगा, चौकट पूर्ण झाकली. ट्रॅम्पोलिन भिंतीपासून ओढून बागेच्या मधोमध, सपाट गवतावर आणलं. मुलांना उभं करून नियम सांगितले. चढायचं एकानं, बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. उडी मधोमध मारायची. तोल गेला तर गुडघे वाकवून थांबायचं. कोलांटी मारायची नाही. उतरताना उडी मारून उतरायचं नाही, बसून घसरायचं. मोठं माणूस हजर नसेल तर चढायचंच नाही. कॅप्टन म्हणाले, "स्प्रिंग बदलली तर एवढे नियम कशाला?" मी म्हटलं, "सवय असावी."

आणि पिवळा आकडा खोडायला रंगाचा डबा मागवला. त्यावर लिहायचं होतं: ONE CHILD ONLY. तेव्हा वर्कशॉपमध्ये अक्षरं बरी काढणारा एकच माणूस होता. खगेननं बंगल्यावर येऊन ती पाच मिनिटांत काढली, ब्रश पुसला, माझ्याकडे बघितलं आणि डबा घेऊन गेला. चार महिन्यांनी त्यानं नोकरी सोडली.

पाच-सहा वर्षं गेली. मी टेस्टिंगचा प्रमुख झालो होतो. कलकत्त्याच्या बेहाला भागात रोलिंग शटरच्या स्प्रिंगा बनवणारा एक चांगला माणूस आहे असं कळलं, तेव्हा कोण ते मी ओळखलं. मुद्दाम गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ होतं. खगेननं स्टूल पुढे केलं, मातीच्या कपात चहा मागवला. मी सगळं सांगितलं. पहार, गाद्या, वहिनींचा प्रश्न, बेंचवरची टेस्ट.

"मालूम था, शाब," शेवटी तो म्हणाला. "जिस दिन आप रंग का डिब्बा मंगाया, उसी दिन समझ गया. स्प्रिंग का दोष होता तो स्प्रिंग बदलता. नंबर काहे बदला?"

"माफ करो, खगेन."

"आपने बोला, भालो कोरेछेन, अच्छा किया. लेकिन हमको बोलके क्या होगा? हम तो जानता था. रजिस्टर को बोलना था."

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. रजिस्टर कपाटात होतं. मी ते काढलं, ती ओळ वाचली आणि ठेवून दिलं. हेही लिहिलं पाहिजे म्हणून लिहितो.

ते वर्कशॉप आता नाही. रजिस्टरं रद्दीत गेली असतील. खगेन गेला, कॅप्टन गेले. नंदू दोन महिन्यांत चालायला लागली होती, पुढे नाचही शिकली. पण दुरुस्ती राहिली होती, ती इथे करतो. हुक उघडला तो पहारेनं, पाय सोडवण्यासाठी. वाकवण्यात दोष नव्हता. स्प्रिंगा पहिल्या प्रतीच्या होत्या. दोष टेस्टिंग इंजिनिअरचा.

गेल्या वर्षी मुलानं नातीसाठी गच्चीवर गोल ट्रॅम्पोलिन आणलं. कडेला गाद्या, भोवती जाळी, सगळं व्यवस्थित. गच्चीच्या कठड्यापासून मी ते मोजून लांब ठेवायला लावलं. संध्याकाळी सोसायटीतली पोरं जमतात. त्यांच्या आया मला विचारतात, काका, तुम्ही इंजिनिअर ना, हे किती वजन घेतं?

मला ते आजही काढता येईल. मी काढत नाही.

"एक मूल," मी सांगतो, आणि खुर्ची ओढून तिथेच बसतो.