पिवळी गाडी आणि भाऊजींचा तळहात

माझ्या धाकट्या दिरांना डोळ्यांपेक्षा तळहाताने जास्त दिसतं. एकतीस वर्षं गाड्यांचे रंगारी आहेत ते. ठोकर खाल्लेली गाडी वर्कशॉपमध्ये आली की आधी डोळे मिटतात आणि पत्र्यावरून हात फिरवतात, तापाच्या माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग म्हणतात, "इथे, मागच्या चाकाच्या वर, आधीही एकदा मार बसलाय." मालक ओशाळतो, कारण ती गोष्ट त्याने बायकोलाही सांगितलेली नसते. आमच्याकडे जेवायला बसले तरी ताटाच्या काठावरून अंगठा फिरवल्याशिवाय घास उचलत नाहीत. आमचे हे म्हणतात, "अरे, ताट आहे ते. बॉनेट नव्हे!"

अशा माणसाने आयुष्यात एकच चैन केली. अकरा वर्षांपूर्वी दोन दारांची, दोनच माणसांची, पिवळीधमक स्पोर्ट्स कार आणली. पहिला मालक देश सोडून चालला होता. रोज सकाळी प्रार्थना झाली की मी वहीत चार ओळी लिहिते, तशा त्या दिवशीही लिहिल्या आहेत: "भाऊजींनी गाडी आणली. इतकी बुटकी, की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. देवा, सांभाळ."

सांभाळायला देवाला यावंच लागलं नाही, भाऊजी पुरून उरले. "ही चालवायची नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. "हाताने गियर टाकायची, स्वतःच्या दमावर ओरडणाऱ्या इंजिनाची ही शेवटची जात. पुढे सगळ्या गाड्या बॅटरीवरच्या, मुक्या. पंचवीस वर्षांनी लोक रांग लावून हिला बघतील." मीटरवर तेव्हा चार हजार दोनशे अकरा किलोमीटर होते. तो आकडा आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ. वाढू नये म्हणून गाडी दर रविवारी उन्हात आणायची ती इंजिन बंद ठेवून, ढकलत. स्टिअरिंगला भाऊजी, मागून मी आणि धाकटी, म्हणजे भाऊजींची बायको, माझी जाऊ. मग गाडी जागेवरच उभी ठेवून भाऊजी इंजिन थोडा वेळ चालवायचे.

धाकटी शिवणकाम करते. गळ्यात टेप नसली तर ती मला अनोळखी वाटते. गाडीसाठी तिने तीन कव्हरं शिवली, उन्हाचं, थंडीचं आणि पावसाचं. "ताई, मला दोन ऋतूंना एकच स्वेटर," ती म्हणायची. तिचं मागणं एकच होतं. गावाबाहेरच्या डोंगरावर एक तळं आहे, तिथवर या गाडीतून एकदा जायचं. भाऊजी दरवेळी म्हणायचे, "अगं, नेईन की! पण मीटरला काय सांगू?" ती म्हणायची, "लोकांच्या बायका गाडीत बसतात, मी धक्का मारते. नशीब एकेकाचं."

भाऊजींचा एक मित्र आहे, गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. सगळे त्याला फ्यूज म्हणतात, तोही स्वतःला फ्यूजच म्हणवतो. रविवारी चहाला यायचा आणि काडी टाकायचा. "दोस्ता, पन्नास वर्षांपूर्वीची गाडी बंद पडली तर हातोडी-पान्यावर उठते. हिच्या पोटात वीस-बावीस कॉम्प्युटर. त्यातला एक रुसला आणि त्याचा भाग मिळेनासा झाला, की झालं हिचं कपाट. आत कपडे ठेवा."

"तू कशाला आहेस?"

"तोवर मी स्वतःच भंगारात असेन!"

हा वाद अकरा वर्षं चालला. मला ज्याचं शेवटी ऐकलं त्याचं पटायचं.

गेल्या महिन्यात फ्यूज धावतच आला. जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी नवं दालन बांधलं होतं आणि तिथली वायरिंग त्याच्याकडे होती. आज नव्या असलेल्या, पण उद्या लोक जपतील अशा दहा गाड्या तिथे ठेवायच्या होत्या. नऊ ठरल्या होत्या. "दहावी जागा रिकामी आहे, आणि मी तुझं नाव टाकलंय. प्रत्येक गाडीपुढे पाटी असते. जपणाऱ्याचं नाव लिहिलेली."

त्या दिवशी भाऊजी ताटावरून अंगठा फिरवायचं विसरले. दुसऱ्यांच्या गाड्यांवर एकतीस वर्षं हात झिजवला, आणि काम चांगलं झालं याची खूण हीच की कोणाला ते दिसत नाही. आता कुठे नावाची पाटी लागणार होती. मी देवापुढे बसले तेव्हा गाडीसाठी मागणं मागावं की नाही, याचा पेच पडला. शेवटी म्हटलं, बाबा रे, या हाताचं चीज होऊ दे. कसं ते तू बघ.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला ते गृहस्थ आले. पांढरे हातमोजे, हळू चाल. धाकटीने कव्हर काढलं आणि आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहिलो, निकाल ऐकायला आल्यासारखे. त्यांनी मीटर पाहिलं. "चार हजार दोनशे अकरा! वा!" इंजिन पाहिलं, कागद पाहिले, मूळची दुसरी किल्लीसुद्धा जपलेली पाहिली आणि मान डोलावली. भाऊजी इंचाइंचाने उंच होत होते.

मग त्यांनी खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं, रंगाची जाडी मोजायचं. दाराला लावलं, बॉनेटला लावलं, छताला लावलं. पुन्हा दाराकडे आले.

"रंग कोणी दिला हा?"

"मी!" भाऊजींची छाती फुगली. "कंपनीचा रंग बघवत नव्हता, साहेब. संत्र्याच्या सालीसारखा, सगळा बारीक खळग्यांचा. दोन वर्षं रविवारी घासून काढला आणि सगळा नव्याने दिला. आता हात फिरवा. काच!"

गृहस्थांनी हातमोजा काढला. हात फिरवला, बराच वेळ. "काचच आहे. इतका देखणा रंग मी आयुष्यात पाहिला नाही," ते म्हणाले. "पण मला ती साल हवी होती."

कोणालाच काही कळेना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. दालनात गाडी हवी ती कारखान्यातून निघाली तशी, उणिवांसकट. उणीव म्हणजे तिची जन्मखूण. दुरुस्त केलेली गाडी कितीही सुंदर असली तरी ती आता रंगाऱ्याची झाली, कारखान्याची राहिली नाही. त्यांनी पेट्रोलचं झाकण उघडून आत बोट दाखवलं. तिथे, जिथे भाऊजींचा हात पोचला नव्हता, रुपयाएवढा जुना रंग शिल्लक होता. भाऊजींनी त्यावर अंगठा टेकवला आणि काढलाच नाही.

फ्यूज पुटपुटला, "म्हणजे पेशंट ठणठणीत होता. मारला डॉक्टरने."

धाकटी पुढे झाली. "साहेब, म्हणजे ही दालनात नाही येणार? नक्की?"

"नाही, बाई. वाईट वाटतं मला."

"आणि पुढे कधी कोणी ठेवेल?"

"रस्त्यात लोक माना वळवून बघतील. पण संग्रहात कोणी ठेवणार नाही."

"मग मीटर वाढलं तर चालेल?"

गृहस्थ गोंधळले. "खुशाल वाढू दे की."

धाकटीने गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली, दार उघडलं आणि विहिरीत उतरली.

भाऊजी तिथेच उभे. "वहिनी, अकरा वर्षं..." एवढंच म्हणाले. सांत्वन केलं असतं तर ते तिथेच खाली बसले असते. म्हणून म्हटलं, "भाऊजी, ती आत बसलीय. आता मागून ढकलायला मी एकटी. माझी कंबर बघा आणि मुकाट्याने किल्ली लावा."

इंजिन असं ओरडलं की शेजारच्या खिडक्या उघडल्या. गाडी वळणावर गेली तेव्हा आतून धाकटीची किंकाळी ऐकू आली. भीतीची नव्हती. ते वयस्क गृहस्थ टोपी काढून हसत उभे होते.

चार वाजता तळ्यावरून परत आले. मीटरवर चार हजार दोनशे सत्त्याण्णव. धाकटीच्या केसांचं घरटं झालेलं आणि बॉनेटवर खडा उडून टिकलीएवढा टवका गेलेला. भाऊजींनी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं, तशी ती म्हणाली, "पॉलिश पेपरला हात लावाल तर याद राखा. उद्या ताईंना न्यायचंय."

मला नेलं. जाताना प्रत्येक वळणावर मी देवाचं नाव घेतलं, आणि येताना म्हटलं, "भाऊजी, जरा दामटा की."

आठ दिवसांनी त्या गृहस्थांचा फोन आला. दालनातल्या एका गाडीचं दार पूर्वी कोणीतरी रंगवलेलं, गुळगुळीत. बाकीच्या गाडीशी जुळत नाही. तिथे कारखान्यासारखी साल कोणाला जमत नाही, तुम्ही कराल का? भाऊजी भडकले. "एकतीस वर्षं जो दोष काढला तो आता मुद्दाम घालू?" मला वेगळीच शंका. म्हटलं, "ही फसवणूक तर नाही ना?" तर नाही, दार नंतर रंगवलंय हे पाटीवरच लिहिणार. आणि खाली, रंगवणाऱ्याचं नाव.

तीन दिवस रुसले. चौथ्या दिवशी पत्र्याच्या तुकड्यांवर सराव सुरू केला. सहा तुकडे झाले, सहाही काचेसारखे. हाताला वाईट काम येतच नाही. फ्यूज म्हणतो, "माझ्याकडून शिक, वाईट काम मी पहिल्या फटक्यात जमवतो."

आज सकाळी माझी वही उघडी असतानाच भाऊजी आत आले. "वहिनी, एक संत्रं द्या."

"सोलून देऊ?"

"सोलू नका!"

आता ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेत, डोळे मिटून, हातातलं संत्रं हळूहळू फिरवत. चहा केव्हाचा निवलाय. हाक मारायला मला धीर होत नाही.